पाणी ओसरल्यावरची गर्दी

मुंबईत धो धो पाऊस कोसळत असताना रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत शांतता दिसली, तर तिच्यावर विसंबू नये. लोकल बंद, रस्त्यावर गुडघाभर पाणी. अशा वेळी छातीत दुखणारा माणूसही सकाळपर्यंत कळ काढतो. पावसाने खरोखर आजारी पाडलेले लोक तर आणखी उशिरा येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लेप्टोस्पायरोसिसची साथ उफाळली ती ऑगस्टमध्ये. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून माणूस चालतो, टाचेच्या भेगेतून नाहीतर एखाद्या खरचटल्या जागेतून जंतू शिरतात आणि साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप चढतो. डोळे लाल होतात, पोटरी दाबली की रुग्ण कळवळतो. हे वेळीच ओळखले नाही, तर मूत्रपिंडांवर घाला येऊन डायलिसिसची पाळी येऊ शकते. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पावसाळ्यातल्या ड्युट्या आणि रजा पाणी ओसरल्यानंतरचे दोन आठवडे डोळ्यांसमोर ठेवून ठरवायला हव्यात.

हवामानाचे अंदाज चुकतात, त्यांच्यावर रुग्णालये कशी चालवायची, अशी शंका यावर हमखास निघते. पण इथे अंदाज लागतोच कुठे? पाऊस पडून गेलेला असतो, पाणी कोणत्या वस्तीत तुंबले होते तेही महापालिकेला ठाऊक असते. उन्हाळ्यात अंदाज लागतो, आणि तो कामीही येतो. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेच्या इशाऱ्याला रुग्णालयांची तयारी जोडणारा आराखडा केला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुळात डॉक्टर आणि परिचारिकाच अपुऱ्या आहेत, तर वाढीव माणसे आणायची कुठून? हे खरेच आहे आणि रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. पण माणसे थोडी असतात तेव्हाच ती कोणत्या आठवड्यात हाताशी हवीत, याचा हिशेब अधिक काटेकोर लागतो. एका निवासी डॉक्टरच्या माथी तापाच्या रुग्णांची अख्खी रांग आली, की पोटरी दाबून बघायला सवड उरत नाही.

वाचकांनीही एवढे करावे: तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे, आणि पुढे ताप आलाच तर पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगावे.