नायिकेच्या नावावर काय आहे?

कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात, ही आपल्या ख्रिस्ती घरांतील वडीलधाऱ्यांची जुनी तक्रार. पुस्तक उशीखाली लपवून वाचणाऱ्या कित्येक मुली आज आजी झाल्या आहेत आणि तीच तक्रार नातींविषयी करीत आहेत. माझी तक्रार निराळी आहे. प्रेम, जिद्द आणि स्त्रीचे स्वावलंबन यांवरच्या लोकप्रिय कादंबऱ्या मुलींना बंड शिकवतात, असे मला वाटत नाही. त्या बंड फार स्वस्तात विकतात.

साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. नायिका सोसते, एके दिवशी उंबरठा ओलांडते, शहरात तिला नोकरी लागते, कोणी प्रेमळ मावशी आसरा देते आणि शेवटच्या प्रकरणात एक समंजस पुरुष वाट पाहत उभा असतो. खोलीचे भाडे किती, पगार कोणाच्या हाती पडतो, माहेरच्या घरावर तिचे नाव आहे की नाही, याचा मधल्या दोनशे पानांत उच्चारही नसतो.

आमचा कर्जत-खालापूरचा मुलूख या लेखनाला ठाऊक आहे, पण गाडीच्या खिडकीतून. प्रेमिक माथेरानला जातात, बोरघाटातले धुके पाहतात, नेरळच्या फलाटावर करवंदे घेतात आणि गाडी सुटते. करवंदे विकणारी ठाकर बाई फलाटावरच राहते. पावसाळा सरला की येथली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. उचल मिळते ती जोडप्याच्या श्रमावर, पण पडते पुरुषाच्या हाती. राबणाऱ्या बाईचा वेगळा हिशोब कोणी मांडत नाही. जिद्द हा शब्द जिला शोभावा, तिच्यासाठी त्या पुस्तकांत एक परिच्छेदही नाही.

याच तालुक्यांत जमिनीला सोन्याचे मोल आले. द्रुतगती मार्ग झाला, डोंगरउतारावर शहरवाल्यांची फार्महाऊसे उठली. जमीन विकायची ठरली की भावांना बहिणींची आठवण होते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र तयार असते. ‘तुझ्या लग्नाला खर्च केलाच की,’ असे म्हटले जाते. जे म्हटले जात नाही ते अधिक बोचरे असते: सही केली नाहीस तर माहेर तुटले. बहीण भावावर मनापासून प्रेम करते, म्हणून सही करते. प्रेम आणि स्वातंत्र्य यांची खरी झुंज येथे आहे. ही कादंबरी कोण लिहिणार?

ही गोष्ट इतरांची म्हणून आपण ख्रिस्ती वाचकांनी हात झटकू नयेत. हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. आपल्याला लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी समान, असे तो सांगतो. कायद्याने आपण कितीतरी वर्षे पुढे. व्यवहारात मात्र त्याच रांगेत, तीच लेखणी हाती घेऊन.

मराठी कादंबरीचा आरंभ असा नव्हता. पहिली मराठी कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली ती बाबा पदमनजींच्या, एका ख्रिस्ती लेखकाच्या, हातून. आणि तिचा विषय होता विधवांची दैना. तिचा शेवटही पुनर्विवाहातच होतो, हे मान्य. परंतु त्याआधी ती वाचकाला दारोदार हिंडवून बायकांचे हाल डोळ्यांनी दाखवते. १९३३ साली विभावरी शिरूरकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’मधून शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट मांडली, तेव्हा समाज खवळला होता. आजची स्वावलंबी नायिका कोणालाच खवळवत नाही. तिच्या स्वावलंबनाने कोणाचे काही जात नाही, हेच त्याचे कारण.

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे तलाठ्याचे दप्तर नव्हे. दिवसभर राबून खोपोली लोकलमध्ये टेकलेल्या बाईला घटकाभर विसावा हवा असतो. तो तिला जरूर मिळावा. पण पवित्र शास्त्रातील रूथची कथा आठवा. तीत प्रेम आहे, विधवेची जिद्द आहे, परक्या शेतात सरवा वेचणे आहे. आणि चौथ्या अध्यायात बवाज गावच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून नामीच्या शेताचा व्यवहार चारचौघांत उरकतो. त्या गोड कथेला जमिनीच्या व्यवहाराची लाज वाटली नाही. आमच्या लेखकांनाच ती का वाटावी?

म्हणून पालकांना विनंती आहे: मुलींच्या हातातले पुस्तक हिसकावू नका. तिने ते वाचावे, आणि मिटताना एवढेच विचारावे, की या नायिकेच्या नावावर काय आहे? हा प्रश्न ऐकून आपण गप्प बसणार असू, तर त्याच रात्री कपाटातली आपल्या घराची कागदपत्रे काढावीत आणि त्यांवर कोणाकोणाची नावे आहेत ते मुलीला स्वतः वाचून दाखवावे.