वेठीला धरलेला शब्द

खिशातल्या फोनला आपण सर्रास ‘अँड्रॉइड’ म्हणतो. मुळात तो शब्द माणसाच्या रूपातल्या यंत्राचा. ग्रीकमध्ये ‘आंद्रोस’ म्हणजे पुरुषाचा, ‘ईडोस’ म्हणजे रूप. लंडनमध्ये १७२८ साली निघालेल्या चेंबर्सच्या कोशात तो सापडतो, तोही एका आख्यायिकेपोटी : तेराव्या शतकातल्या अल्बर्टस मॅग्नस या जर्मन पंडिताने म्हणे असा एक यंत्रमानव घडवला होता. शब्द देखणा आहे, पण पंडिती. त्यात नुसता आकार, आणि बाईमाणूस तर हिशेबातच नाही.

‘रोबो’चं तसं नाही. (बोलताना आपण त्यातला ‘ट’ बहुधा गिळतो.) प्रागच्या कारेल चापेकला नाटक सुचलं : कारखान्यात बनवलेली, हुबेहूब माणसासारखी कामकरी माणसं. त्यांना म्हणायचं काय? लॅटिनवरून ‘लाबोरी’ असं त्याच्या मनात होतं, पण ते त्यालाच पुस्तकी वाटत होतं. थोरला भाऊ योसेफ चित्र रंगवत उभा होता. तोंडात कुंचला तसाच धरून तो पुटपुटला, मग रोबोट म्हण. १९३३ साली कारेलने हे स्वतःच वर्तमानपत्रात लिहिलं. शब्दाचं श्रेय त्याला भावाच्या पदरात घालायचं होतं. तरी लोक ते अजून कारेललाच देतात.

चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणजे आपली वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट राबायचं, ही तिथली रीत १८४८ साली कायद्याने संपली. म्हणजे प्रेक्षकांच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी असलेला शब्द योसेफने उचलला होता. पुढे नाझींनी त्याला छळछावण्यांत डांबलं, तिथेच १९४५ साली तो गेला.

कारेलचं ते नाटक, ‘आर. यू. आर.’, १९२० मध्ये छापून आलं, १९२१ मध्ये रंगभूमीवर. त्यातल्या रोबोंच्या अंगात एकही चाक नाही, खिळा नाही. कृत्रिम का असेना, मांस आहे, नसा आहेत. माणसाला कामापुरता ठेवून बाकीचा वजा केला की काय उरतं, तेवढंच चापेकला दाखवायचं होतं. जगाने त्यावर पत्रा चढवला. १९३५ साली त्याने वैतागून लिहिलं की या लोखंडी पोरांचं बापपण माझ्या माथी मारू नका. कुणी ऐकलं नाही. त्याच्या नाटकातल्या त्या जिवांना आज कुणीही अँड्रॉइड म्हणेल, आणि त्यांचं खरं नाव चाकणच्या कारखान्यात मोटारींचं वेल्डिंग करणाऱ्या बिनचेहऱ्याच्या हाताला जाऊन चिकटलंय.