गाडीची हिशोबपट्टी

ओझरचा शेतकरी पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोच्या जाळ्या उतरवतो, तेव्हा घरी परतताना त्याच्या खिशात पट्टी असते. जाळ्या किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती आणि हातात किती, हे सगळे एका चिठोऱ्यावर. भाव पडला तर तो शिव्या घालतो, पण पट्टी वाचून घालतो. हाच माणूस द्राक्षाचा हंगाम आटोपला की जुनी गाडी बघायला आपल्या दारात येतो. त्याला काय मिळते? एक आकडा. "भाऊ, चार साठ. फायनल." चार साठ कुठून आले, हे तो विचारत नाही, विचारून उत्तर मिळत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो नुसते चार वीस म्हणतो. मग चहा येतो, मग कुणीतरी मध्यस्थ येतो, आणि सौदा चार चाळीसला तुटतो. दोघेही घरी जाताना मनात म्हणतात, समोरच्याने आपल्याला टोपी घातली.

हा अंक ज्यांच्या हातात पडतो ते यार्डवाले, एजंट, गॅरेजवाले आणि शोरूममधली विक्री करणारी मुले या चार साठची नस जाणतात. म्हणून या महिन्यात सल्ला ग्राहकाला नाही, आपल्याला आहे. रास्त भाव म्हणजे कमीत कमी भाव नव्हे. जो भाव कागदावर फोड करून लिहून देता येतो, तो रास्त. लिहायला हात कचरत असेल तर त्यात काहीतरी लपलेले आहे.

आपणच हिशोब मांडून बघू. समजा, एक हॅचबॅक तुम्ही 4 लाखांना घेतली. दोन टायर, थोडे डेंटिंग-पेंटिंग, सर्व्हिसिंग यात 22 हजार गेले. गाडी 4 लाख 60 हजारांना विकली. ग्राहकाच्या डोळ्यांना दिसतात ते 60 हजार, आणि गावभर तेच सांगितले जाते. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मात्र खरेदी आणि विक्री यांच्यातल्या फरकावर 18 टक्के जीएसटी भरायचा आहे, म्हणजे 10 हजार 800. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी लहान गाड्यांना हाच दर 12 टक्के होता. दुरुस्तीचे 22 हजार या फरकातून वजा होत नाहीत, हे आपल्यातल्या कित्येकांना नोटीस आल्यावर कळले. आता उरले 27 हजार 200. गाडी दोन महिने यार्डात उभी राहिली असेल आणि पैसा बाराच्या व्याजाने उचललेला असेल, तर आणखी 8 हजार गेले. हातात राहिले 19 हजार 200, म्हणजे विक्रीच्या रकमेवर शेकडा चार-सव्वाचार रुपये. त्यातून जागेचे भाडे आणि पोराचा पगार.

हा हिशोब ग्राहकासमोर ठेवायला लाज वाटण्यासारखे त्यात काय आहे? उलट तो लपवल्यामुळे आपण 60 हजारांचे लुटारू ठरतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की खरेदीची किंमत दाखवली तर गिऱ्हाईक डोक्यावर बसेल. थोडे दिवस बसेल. 2016 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापणे बंद केले आणि ती खरेदीदाराकडून घ्यायला लावली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. धंदा बुडणार, असेच तेव्हाही बोलले गेले. लासलगाव आणि पिंपळगावचे लिलाव आजही चालू आहेत. कापायची रक्कम आणि ती कोणाकडून कापायची, हे उघड झाल्याने व्यापार मरत नाही.

मरतो तो उलट्या कारणाने. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते मुख्यतः याच कामासाठी. त्यांचे म्हणणे आपल्या यार्डाच्या भाषेत असे: कोणती गाडी चांगली आणि कोणती खटारा हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधला भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी काढत नाही. राहतात त्या खटारा. मग मधला भाव आणखी खाली येतो.

ओझरमध्ये हे घडताना दिसते. एचएएलच्या टाउनशिपमधली गाडी म्हटली की जाहिरात लागत नाही. विमानाच्या प्रत्येक सुट्या भागाची नोंद ठेवण्यात ज्यांची हयात गेली, ते आपल्या गाडीचीही वही ठेवतात: ऑइल कधी बदलले, बॅटरी कधी घातली, टायर कितव्या किलोमीटरला. निवृत्त होऊन गावी परतताना हे लोक गाडी काढतात. ती आपल्याकडे येते का? क्वचित. ती मेव्हण्याला जाते, शेजाऱ्याला जाते, खात्यातल्या धाकट्या सहकाऱ्याला जाते. यार्डात नेली तर तिच्या वहीची कोणी किंमत करणार नाही, हे मालकाला माहीत असते. आपण ती वही उघडतच नाही. मॉडेल विचारतो, बॉनेट वाजवतो आणि ठरलेला आकडा फेकतो. आणि नंतर तक्रार करतो की चांगला माल मिळत नाही. "टाउनशिपची गाडी" हे शब्द कुठल्याही गाडीला चिकटवून विकणारेही आपल्यातच आहेत. त्यांनी त्या शब्दांचा भाव पाडला.

मीटरबद्दल आपण सारे गप्प असतो. लाखभर चाललेल्या गाडीचे मीटर मागे नेऊन साठ हजारांवर आणणारा माणूस कुठे बसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदवलेले किलोमीटर तो पुसू शकत नाही, हेही ठाऊक आहे. तरी सौदा करताना सर्व्हिस रेकॉर्डचा कागद आपणहून पुढे करणारे मोजकेच. गॅरेजवाल्यांनाही इथे एक गोष्ट सांगायची आहे. ग्राहक गाडी दाखवायला तुमच्याकडे आणतो आणि एजंट तुम्हाला आधीच फोन करून ठेवतो. त्या फोनचे दोन-तीन हजार मिळतात, पण पुढची दहा वर्षे त्या कुटुंबाची गाडी तुमच्या रॅम्पवर येत नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाची रेघ बघणे, कार्पेट उचलून गंज बघणे, पिकअप असेल तर हौद्याखाली वाकणे याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाची फी उघडपणे घ्या, तपासणीचा कागद सहीनिशी द्या.

भाव बांधण्याची सवय मोडायला सप्टेंबर 2025 ने भाग पाडले. 22 तारखेपासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. मोठ्या गाड्यांना सरसकट 40 टक्के झाला, पण सेस जमेस धरला तर त्याही उतरल्या. आपल्या पट्ट्याची लाडकी बोलेरो 1 लाख 27 हजारांपर्यंत स्वस्त झाली. डिझेलचा 13 टक्के रोड टॅक्स धरला तर त्या फरकावरचेच साडेसोळा हजार वेगळे. ऑगस्टमध्ये ज्याने तीन वर्षांची बोलेरो जुन्या हिशोबाने घेऊन यार्डात लावली होती, त्याचा नफा एका रात्रीत धुऊन गेला. काहींनी तरीही तोच भाव धरून ठेवला आणि गाड्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत उभ्या राहिल्या. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या आजच्या ऑन रोड किमतीवरून उतरत यायला हवा. आपण तिला काय दिले, याच्याशी ग्राहकाला देणेघेणे नाही.

विम्याची आयडीव्ही पुढे करून भाव सांगणारेही आहेत. ती विमा कंपनीची घसाऱ्याची तक्त्यातली रक्कम: सहा महिन्यांच्या आत 5 टक्के वजा, वर्षाच्या आत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षी 50. गाडी तीन हातांतून गेली की एकाच मालकाने जपली, हे तक्त्याला कळत नाही. आणि नो-क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, मालकाजवळच राहतो. "पन्नास टक्के बोनस आहे गाडीवर" असे सांगून वर पाच हजार मागणे ही सरळ फसवणूक.

शोरूमवाल्या मित्रांचा विषय थोडक्यात. एक्स-शोरूम किंमत छापील असते, रोड टॅक्स ठरलेला असतो: पेट्रोलच्या गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 20 लाखांपर्यंत 12, त्यावर 13, डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. सीएनजीचा दर 1 जुलै 2025 पासून एक टक्क्याने वाढला. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लागतो. तो ग्राहकाला आयकरात जमा मिळतो, पण हे त्याला सांगायला आपण विसरतो. उरलेल्या ओळींत सगळी गंमत. हँडलिंग, लॉजिस्टिक, कोटिंग, "कम्पल्सरी" अॅक्सेसरीज किट, आणि आपल्याच काउंटरवरचा महागडा विमा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या कारला 2018 च्या सप्टेंबरपासून बंधनकारक आहे, तो कोणाकडून घ्यायचा हे बंधनकारक नाही. दसऱ्या-पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी नेणारा माणूस घासाघीस करत नाही, घरची मंडळी हार घेऊन उभी असतात. त्याच दिवशी या ओळी सर्वांत लांब होतात. जानेवारीत मागच्या वर्षाच्या उत्पादनाची गाडी देताना उत्पादनाचा महिना तोंडाने सांगा. पाच वर्षांनी तीच गाडी यार्डात आली की आम्ही एक वर्ष जास्त मोजून भाव पाडतो, आणि तेव्हा ग्राहकाला तुमची आठवण येते.

रोखीचा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही. हंगामाचे पैसे हातात आलेला माणूस नोटा घेऊन येतो. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख स्वीकारली तर तेवढाच दंड, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. दोन दिवसांत दोन हप्त्यांत घेतली तरी व्यवहार एकच धरला जातो. पावतीवर तीन लाख आणि खिशात दीड लाख, असा सौदा केला की भावाची फोड लिहिण्याचा विषयच संपतो. म्हणूनच काहींना पट्टी नको असते.

आता कागद. इसार घेतला, फॉर्म 29 आणि 30 वर तारीख न टाकता सह्या घेतल्या, आणि गाडी "ओपन पेपर"वर दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली, ही आपल्या धंद्याची जुनी रीत. त्यात मालकाचे नाव जिथल्या तिथे राहते. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, मग गाडी पुढे कितीही हातोहात विकली गेलेली असो. म्हणजे निफाड तालुक्यातला एखादा शेतकरी चार वर्षांपूर्वी तुम्हाला दिलेल्या गाडीपायी आजही कोर्टात उभा राहू शकतो. त्याचा दोष एवढाच, की त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

यावर उपाय 1 एप्रिल 2023 पासून हातात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याची तरतूद झाली. परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात येताच फॉर्म 29सी ऑनलाइन भरायचा, आणि त्या क्षणापासून गाडीचा मानीव मालक आपण. मूळ मालक मोकळा. एनओसी, नाव बदलणे हे अर्जही आपल्यालाच करता येतात. अडचणी आहेत. गाडी फक्त चाचणी, दुरुस्ती, प्रदर्शन अशा कामांसाठीच रस्त्यावर न्यायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची, हे लहान यार्डवाल्याला जड जाते. घरच्या लग्नाला स्टॉकमधली गाडी काढण्याची सोय जाते, हेही खरे. पण मोठ्या कंपन्यांची जुन्या गाड्यांची दुकाने नाशिकमध्ये आपल्यापेक्षा महाग विकूनही गिऱ्हाईक ओढतात ती याच जोरावर: तपासणीचा कागद, वॉरंटीचा कागद, नाव बदलल्याचा कागद. त्यांच्याकडे जे आहे त्यातले बहुतेक आपल्याला फुकटात किंवा थोडक्या खर्चात देता येते.

या अंकाच्या मधल्या पानावर कोरी हिशोबपट्टी छापली आहे. खरेदी किंमत, दुरुस्ती, कर, व्याज, आपला नफा, दलाली कोणाकडून किती, मीटरचे वाचन आणि ते कशावरून, गाडीला अपघात झाला होता का, अशा ओळी त्यात आहेत. झेरॉक्स काढून वापरा, काही ओळी कमी-जास्त हव्या असतील तर कळवा. दोन्हीकडून दलाली घेणाऱ्यांना त्यातली सहावी ओळ आवडणार नाही.

तोपर्यंत एक काम लगेच करता येईल. तुमच्या ड्रॉवरमध्ये सह्या केलेले, तारीख नसलेले जितके फॉर्म पडले आहेत ते या आठवड्यात बाहेर काढा, गाडी आता कोणाकडे आहे त्याला फोन लावा, आणि पेठ रोडवरच्या परिवहन कार्यालयात नाव बदलण्याचे अर्ज दाखल करा.