विश्लेषण : कॉलेजचा मदतनिधी इन्स्टाग्रामवर, पण क्यूआर कोड कुणाचा?

दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या ‘दान उत्सवा’च्या आठवड्यात अनेक कॉलेजांच्या इन्स्टाग्राम पानांचा नूर बदलतो. डीजे नाइटची रील्स मागे पडतात आणि वृद्धाश्रम, डायलिसिसचे रुग्ण, पूरग्रस्त शाळा यांच्यासाठी मदतीचे आवाहन झळकू लागते. पोस्टर देखणे असते, संगीत नेमके निवडलेले असते. कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतो. तो मात्र बहुतेकदा खजिनदार म्हणून नेमलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या बचत खात्याचा असतो. खरी अडचण तिथे सुरू होते.

डबा गेला, सीलही गेले…

आधीच्या पिढीला कॉलेजचा मदतनिधी आठवतो तो डबा आणि पावतीपुस्तकाच्या रूपात. डब्याला सील असे, पावतीला क्रमांक आणि मागे स्थळप्रत. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीसाठी वर्गावर्गात फिरणारे विद्यार्थी पैसे मोजत नसत. मोजणारे दुसरे असत. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि दहा-वीस रुपयेही फोनवरून देता येऊ लागले. ही सोय मोठीच. पण डब्याबरोबर सील आणि स्थळप्रतही निघून गेली, आणि त्यांच्या जागी काय आणायचे याचा विचार फारसा कुणी केला नाही.

हजार लाइक्स, पण पैसे कमी का?

साधे तांत्रिक कारण आधी पाहू. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालील मजकुरात दिलेल्या लिंकवर क्लिक करता येत नाही. ज्या फोनवर क्यूआर कोड दिसतो, त्याच फोनने तो थेट स्कॅनही करता येत नाही. स्क्रीनशॉट काढा, पेमेंट अॅप उघडा, गॅलरीतून तो निवडा, एवढी कसरत करावी लागते. कॅन्टीनच्या रांगेत उभा असलेला विद्यार्थी ती ‘नंतर’वर टाकतो. हे ‘नंतर’ सहसा उगवत नाही. स्टोरीत लिंकचे स्टिकर लावणे, व्हॉट्सअॅपवर यूपीआय आयडी कॉपी करता येईल असा मजकुरात देणे, या छोट्या गोष्टी महागड्या पोस्टरपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. सगळ्यांना केलेले आवाहन कुणालाच केलेले नसते. वर्ग प्रतिनिधीने नाव घेऊन पाठवलेला मेसेज टाळणे अवघड जाते. व्हॉट्सअॅपचा मेसेज एकदा सुटला की मात्र परत येत नाही. उपचार कधीच संपलेल्या रुग्णांसाठीची आवाहने वर्षानुवर्षे फिरत राहतात, हे प्रत्येक फॅमिली ग्रुपने पाहिले आहे. म्हणून पोस्टरवर शेवटची तारीख हवीच.

वैयक्तिक खात्यात काय बिघडते?

खूप काही. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. तिथे संस्थेऐवजी अनोळखी विद्यार्थ्याचे नाव आले की सावध माणूस थांबतो, आणि त्याने थांबावेच. आयकर कायद्यातील सवलत नोंदणीकृत संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर मिळते. शंभर जणांचे पैसे एका खात्यात जमून एकरकमी पुढे गेले, तर पावती निघते ती त्या एका खातेदाराच्या नावाने.

सायबर फसवणुकीच्या तपासात पैसे ज्या-ज्या खात्यांतून फिरले, ती खाती गोठवली जातात. अनोळखी माणसांकडून शेकडो छोट्या रकमा येणारे विद्यार्थ्याचे खाते अशा साखळीत नकळत सापडू शकते. मग मदतनिधी राहतो बाजूला आणि त्या मुलाची मेसची फी, घरून आलेले पैसे, सारेच अडकते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलावर ही जोखीम टाकणारे कॉलेज प्रशासन ‘मुलांचा उपक्रम आहे’ असे म्हणून हात झटकते, हे पटण्यासारखे नाही. उपक्रमाच्या बातमीत प्राचार्यांचा फोटो असतो, तर खातेही कॉलेजचे किंवा थेट संस्थेचे असायला हवे.

महाराष्ट्रात आणखी एक बाब आहे. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०’मधील ते ‘४१ क’ कलम उत्सवांपुरते नाही. धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्यालाही ते लागू होते. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच पैसे जाऊ दिले, तर हा गुंता बराच सुटतो.

परदेशातील माजी विद्यार्थ्यांचे काय?

इंजिनीअरिंग कॉलेजांत हा प्रश्न हमखास येतो. भारतीय पासपोर्ट असलेला माजी विद्यार्थी परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवू शकतो. त्याच वर्गातल्या मित्राने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही त्याची देणगी परदेशी योगदान ठरते आणि ‘एफसीआरए’ नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकणाऱ्याच्या हे गावीही नसते.

मुलांचे फोटो टाकावेत का?

बालगृहाला भेट, खाऊवाटप आणि मुलांसोबत सेल्फी हा ठरलेला क्रम. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी, आपला फोटो कुठे गेला हे त्या मुलाला मोठेपणी कळणार आहे.

हिशेबाची पोस्ट कुठे असते?

२०१४ च्या ‘आइस बकेट चॅलेंज’वर ‘नुसता दिखावा’ अशी टीका झाली होती. बोस्टन कॉलेजच्या बेसबॉल संघाचा माजी कर्णधार पीट फ्रेट्स हा त्या मोहिमेचा एक चेहरा. अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे त्यातून सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले. टीकेला खरे उत्तर मिळाले ते दोन वर्षांनी, त्या निधीच्या मदतीने झालेल्या संशोधनातून ‘नेक१’ जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध समोर आला तेव्हा.

कॉलेजच्या उपक्रमाला एवढे मोठे काही दाखवायचे नसते. किती जमले, छपाईला किती गेले, संस्थेला कोणत्या तारखेला किती पोहोचले आणि पावतीचा फोटो एवढे पुरते. ही पोस्ट कंटाळवाणी असते, तिला लाइक्स मिळत नाहीत, आणि तोवर परीक्षाही आलेल्या असतात. पण पुढच्या ऑक्टोबरमध्ये नवी समिती तेच आवाहन करील, तेव्हा मागच्या वर्षी वीस रुपये दिलेला मुलगा पान खाली सरकवत नेमकी तीच पोस्ट शोधणार आहे.