गुण वाढले, बोलणे वाढले का?

पक्षाघाताच्या झटक्यातून माणूस वाचतो, हातापायांत हळूहळू ताकद येते, पण शब्द परत येत नाहीत. समोरचा पेला ओळखू येतो, तहान लागल्याचे कळते. 'पाणी' हा शब्द मात्र ओठांवर येत नाही. याला वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला तो होतो. माणूस वेडा झालेला नसतो. मेंदूचा, बहुतेकांमध्ये डाव्या बाजूचा, भाषा सांभाळणारा भाग दुखावलेला असतो.

यावर उपाय म्हणजे सराव, तोही महिनोन् महिने. काळेवाडीतल्या ज्या घरात मिळवते माणूस भोसरी-चाकणला पाळीवर जाते, तिथे रुग्णाला रोज स्पीच थेरपिस्टकडे नेणार कोण? प्रत्येक फेरी म्हणजे कामावर खाडा आणि वर रिक्षाचे भाडे. त्यामुळे मोबाइल किंवा टॅबवरचा सराव अशा घरांसाठी मोठा आधार ठरू शकतो. पडद्यावर चित्र येते, रुग्णाने नाव सांगायचे. अडले तर पहिले अक्षर ऐकू येते. किती उत्तरे बरोबर आली, किती वेळ लागला, किती वेळा मदत घेतली, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवते आणि प्रगतीचा आलेख काढते. थेरपिस्टला तो आपल्या खोलीत बसून पाहता येतो.

सोय चांगलीच आहे. प्रश्न आहे तो आलेख वाचण्याचा.

ब्रिटनमध्ये वाचाघाताच्या 278 रुग्णांवर 'बिग कॅक्टस' नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. संगणकावर सराव करणाऱ्या रुग्णांना त्यांच्या रोजच्या जगण्यातले 100 शब्द दिले होते. सहा महिन्यांत सरासरी 28 तास सराव झाला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या गटाची सरावाचे शब्द सांगण्याची क्षमता 16 टक्क्यांनी अधिक सुधारली. पण प्रत्यक्ष संभाषणात फरक दिसला नाही. शब्द आले, गप्पा आल्या नाहीत. थेरपिस्टने फक्त पडद्यावरचे गुण पाहिले, तर ही दुसरी बाजू त्याला कळणारच नाही.

आलेख आणखीही चकवतो. घरातली नात शेजारी बसून हळूच उत्तर सांगते; गुण वाढतात, ते नातीचे. याउलट काही सॉफ्टवेअर रुग्णाला जमू लागले की प्रश्न अवघड करतात. मग टक्केवारी आहे तिथेच राहते आणि घरच्यांना वाटते, काहीच सुधारणा नाही. प्रत्यक्षात रुग्ण एक पायरी वर गेलेला असतो.

भाषेचा प्रश्न तर आपला स्वतःचा. आवाज ओळखणारी यंत्रे मुख्यतः निरोगी माणसांच्या बोलण्यावर तयार होतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून येऊन काळेवाडीत स्थिरावलेला माणूस 'पाणी'ला 'पानी' म्हणत असेल, तर आजाराआधीही तो तसेच म्हणत होता. यंत्राने ती चूक धरली, तर दोष यंत्राचा. चित्रांचेही तसेच. टोस्टर ओळखता आला नाही म्हणून गुण कापण्यात अर्थ नाही. तवा, लाटणे, हजेरीकार्ड, पीएमपीची बस दाखवावी.

म्हणून प्रगती तपासण्याचे काम एकट्या सॉफ्टवेअरवर सोडू नये. दर महिन्याला थेरपिस्टने समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटे तरी रुग्णाशी साध्या गप्पा माराव्यात. सरावात नसलेले काही शब्द विचारावेत. घरच्यांना विचारावे : या महिन्यात त्यांनी स्वतःहून काय मागितले? फोनवर बोलले का? दुकानातून काही आणले का? ही उत्तरे आलेखाशेजारी लिहिली, तरच त्या आलेखाला अर्थ येतो. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे : सरावाच्या वेळी उत्तर पुरवू नये आणि सराव संपल्यावर टॅब बाजूला ठेवून तेच शब्द जेवताना, चहा घेताना बोलण्यात आणावेत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाचा-भाषा दोषाला दिव्यांगत्व मानले आहे. म्हणजे हे उपचार ही मेहेरबानी नव्हे. महापालिका किंवा सरकारी रुग्णालयांनी अशी सॉफ्टवेअर जरूर घ्यावीत. पण खरेदीच्या प्रस्तावातच तो आलेख वाचणाऱ्या थेरपिस्टचे पदही असावे. टॅब एकदाच विकत घ्यावा लागतो. थेरपिस्टचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. काटकसरीची कात्री नेमकी तिथेच लागते आणि मग घरी पडून राहतो तो चढत्या गुणांचा, पण कोणी न वाचलेला आलेख.