बाबांचं ‘काय नाही की’

येत्या १९ मार्चला संत योसेफचा सण. शुभवर्तमानात योसेफच्या तोंडी एकही शब्द नाही. तो उठतो, बाळाला आणि मातेला घेऊन मिसर देशी जातो, परत येतो, काम करतो. त्याच्या मौनाचं कौतुक दरवर्षी प्रवचनात होतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या मौनाच्या आडोशाला बसून आपल्या घरचे बाप स्वतःचं दुखणं लपवतात. त्याबद्दल चार शब्द.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. गेल्या पावसाळ्यात नवी चप्पल लागून पायाच्या बोटाला जखम झाली. मला पंधरा वर्षं शुगर आहे. दुखत नव्हतं, म्हणून दहा-बारा दिवस मोजे घालून फिरलो. सूनबाईने मोजे धुवायला घेतले तेव्हा डाग दिसला. “बाबा, हे काय?” “काय नाही की गं, थोडं घासलंय.” डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात. जखम वाढते, पण कळ येत नाही. अशा माणसाला हार्ट अटॅकसुद्धा कधी कधी छातीत न दुखता येतो. नुसता घाम, दम, पित्त झाल्यासारखं वाटणं, एवढंच.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मग लपवलं का? नातीच्या कॉलेजसाठी मुलाने नुकतंच कर्ज काढलं होतं. त्यात माझा खर्च नको. आणि खरं सांगायचं तर भीती. एकदा ‘आजारी’ ठरलो की बाजाराची पिशवी हातातून जाते, मग घरात आपलं मतही कोणी विचारत नाही.

आणखी एक कबुली. मैदानावर गुडघा फुटून रडणाऱ्या पोराला मी किती वेळा म्हणालो असेन, “मुलगा असून रडतोस?” ती पोरं आज बाप झाली आहेत. त्यांचं ‘काय नाही’ त्यांना मीही शिकवलंय.

आपण भाविक माणसं यात आणखी एक चूक करतो. “दुःख प्रभूला अर्पण कर” म्हणतो आणि डॉक्टरकडे जायचं टाळतो. पण गेथशेमनी बागेत प्रभू येशूने आपली व्यथा मित्रांपासून लपवली नाही. माझ्यासोबत जागे राहा, असं त्यांना सांगितलं. क्रुसावर तहान लागली तीही बोलून दाखवली. वेदना कमी करणारं औषध घेणं पाप नाही, हे पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांपुढे स्पष्ट केलं होतं.

मग घरच्यांनी काय करावं? “बाबा, कसे आहात?” असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे. “जिना चढताना कुठे थांबता? रात्री कितीदा उठता? चप्पल का बदलली?” असं विचारा. मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते बघा. त्या रोज घेतल्या तर पोट आणि किडनी बिघडते. डॉक्टरकडे सोबत जा, पण बोलू त्यांनाच द्या. खर्चाचा आकडा लपवू नका, सांगा आणि झेपेल तेही सांगा. पिशवी काढून घेऊ नका, हलकी करा. मुलं गल्फला असतील तर व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यासोबत पायही दाखवायला सांगा. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांकडेही बाप असेच असतात, तेव्हा हे सगळ्यांसाठीच.

आणि माझ्या वयाच्या बाप मंडळींनो, आपण लपवलं म्हणून खर्च वाचत नाही. तो वाढून मुलांच्या दारात उभा राहतो.

आता उपवासकाळ चालू आहे. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतील, आपण भक्तीने बघू. त्याआधी एका संध्याकाळी कोमट पाणी आणि टॉवेल घेऊन घरच्या बाबांसमोर बसा. बोटांच्या मधे, टाचेखाली नीट बघा. ते आधी “नको, नको” म्हणतील. पेत्रानेही म्हटलं होतं.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव