बिनकामाची गाडी
(तृतीय वर्ष कला)

आमच्या उमापुरात मोटारसायकल दिसली की लोक गाडीविषयी फारसे विचारीत नाहीत. विचारतात ते गाडीवरच्या माणसाला, आणि तेही एकच: "काय काम काढलं?" दूध घालायचे, बाजार, दवाखाना, तहसील, लग्न, नाहीतर मयत. या सहांपैकी एखादे उत्तर तयार ठेवल्याशिवाय फाट्यापुढे जाण्यात अर्थ नसतो. २०२५ च्या दिवाळीत मी सातवे उत्तर दिले, "काही नाही, अशीच चाललेय," आणि त्यावरून जी कुजबूज झाली ती अजून माझ्या कानावर येते आहे. त्या कुजबुजीला एकदा लेखी उत्तर द्यावे म्हणून हा प्रपंच.

निमित्त झाले ते मावसभावाचे. दादा चाकणला एका कंपनीत पाळीवर काम करतो. वसुबारसेच्या संध्याकाळी तो हप्त्यावर घेतलेली नवी कोरी डॉमिनार ४०० घेऊन दारात उतरला. लांबच्या सफरीसाठी बनविलेली गाडी ती. तिला 'टूरिंग' म्हणतात असे त्याने सांगितले. पुढे वारा अडवायला काच, मुठींना संरक्षण, मागे सामानाचे कॅरियर, टेकायला पाठ, मोबाईल भारित करण्याची सोय. इंजिन ३७३ सीसीचे, ताकद ४० अश्वशक्तीच्या घरातली, गियर सहा. आमच्या वडिलांची स्प्लेंडर, जिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून मी गाडी शिकले, ती शंभर सीसीच्याही आतली आणि आठ अश्वशक्तीची. डॉमिनारच्या पडद्यावर चार प्रकारचे चालणे निवडता येते: रस्ता, पाऊस, खेळ आणि आडरान. आईने हे ऐकून घेतले आणि विचारले, "चिखलाचं बटन कोणतं?" दादा जरा विचारात पडला. उमापूरच्या दृष्टीने प्रश्न अगदी रास्त होता.

वाचकहो, आपल्याकडे मोटारसायकल कशी आली हे पाहिले तर हा 'काय काम' प्रश्न कुठून निघाला ते कळते. १९५५ साली मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली ती लष्कराच्या मागणीमुळे. १९६१ च्या सुमारास म्हैसूरला जावा बनू लागली, तीच पुढे येझदी झाली. राजदूत तर गवळ्यांची आणि खेड्यातल्या पुढाऱ्यांची गाडी. तिला पुढे-मागे काय काय बांधत असत त्याच्या गोष्टी म्हातारी माणसे अजून सांगतात. मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि 'ॲव्हरेज किती देते?' हा एकच प्रश्न उरला. थोडक्यात, गाडी आमच्याकडे बैलाच्या जागी आली आणि बैलाला लावतात तोच न्याय तिला लागला. काम नसेल तर दावणीला.

आता या न्यायाने डॉमिनार ही चैनच ठरते, आणि सरकारही तेच म्हणते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे सीसीच्या एका रेघेच्या अलीकडे गरज, पलीकडे विलास! रेघ कुठेतरी मारावी लागते हे मला कळते. अर्थशास्त्राच्या सरांनी रागावू नये. पण माझे भांडण कराशी नाही, त्यामागच्या आणि आमच्या पारावरच्या एकाच समजुतीशी आहे: प्रवासासाठी प्रवास ही श्रीमंतांची गोष्ट, आणि बाईच्या बाबतीत तर श्रीमंतांचीही नव्हे.

माझी आई नऊ हंगाम ऊसतोडीला गेली. बीड जिल्ह्यातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या प्राध्यापकांसाठी सांगते. दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. आई कोल्हापूर, सांगली आणि पलीकडे बेळगाव भागात फिरून आली. किलोमीटर मोजले तर दादाच्या त्या लडाखला जाणाऱ्या मित्रांपेक्षा तिचा प्रवास कमी भरणार नाही. पण तिला कोल्हापूर विचारले तर कारखान्याचा भोंगा किती वाजता होतो ते सांगते. देऊळ पाहिले नाही, तळे पाहिले नाही. ट्रकच्या सामानावर बसून रात्री निघायचे, फडाच्या कडेला कोपी घालायची आणि सहा महिन्यांनी त्याच सामानावर बसून परत यायचे. इतके फिरून काहीही न पाहिलेली माणसे आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत.

म्हणून भाऊबीजेला दादाने "ओवाळणी काय पाहिजे?" असे विचारले तेव्हा मी गाडी मागितली. एका दिवसासाठी, आणि मागच्या सीटवर आईला घेऊन. दादा चांगला म्हणून "बरं" म्हणाला. मावशी मात्र म्हणाली, "पोरीनं एवढं धूड चालवायचं म्हणजे..." आणि वाक्य अर्धेच सोडले. मावशीला एक माहिती मी तिथल्या तिथे पुरविली. २०१६ मध्ये ही गाडी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा चाकणच्या कारखान्यात तिची जुळणी फक्त महिला कामगारांच्या साखळीवर होते असे कंपनीनेच सांगितले होते. बायांनी जोडलेली गाडी बाईने चालवू नये हा कुठला न्याय? मावशी म्हणाली, "भाकरी पण बायाच करतात, आधी खातं कोण?" यावर मला उत्तर सुचले नाही.

जायचे कुठे? आईचा प्रश्न ठरलेला. "कामून जायचं? काय काम हाय?" मी म्हटले, जायकवाडी पाहू. जायकवाडीचा उजवा कालवा आमच्या गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावला जातो. त्या कालव्याच्या नावाने भांडणे झालेली मी लहानपणापासून ऐकली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच धरणातून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठच्या गावांना वेढा घातला आणि मामाचा कापूस उभ्याचा आडवा झाला. पाणी येते तेही तिथून, पूर येतो तोही तिथून. आणि ते धरण ना आईने पाहिलेले, ना मी. नाथषष्ठीला एकदा टेम्पोतून पैठणला गेलो होतो, पण गर्दीत धरण राहूनच गेले.

आता गाडीविषयी. तिच्यावर बसताक्षणी जो अनुभव येतो तो वेगाचा नसतो, वजनाचा असतो. जवळजवळ दोनशे किलो. माझे पाय जमिनीला टेकतात, पण टाचा नाही. अंगणातून बाहेर काढतानाच मी ती डाव्या बाजूला आडवी केली. कुणाला दोष देऊ? स्टँड नीट न लावता आरशात हेल्मेट कसे दिसते ते पाहत होते. क्लचची दांडी वाकली, आरशाला ओरखडा आला. आईने आणि शेजारच्या काकांनी हात दिला तेव्हा ती उठली. दादा काही बोलला नाही, फक्त गाडीभोवती एक फेरी मारून आला. त्या फेरीपेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

पण पहिला गियर पडला आणि चाके फिरू लागली की ते वजन कुठे जाते कळत नाही. गेवराईपर्यंतच्या रस्त्यावर मी घाबरत, स्प्लेंडरसारखी चालविली. सारखे गियर बदलायची सवय. इथे चौथ्यात टाकून ठेवली तरी गाडी तक्रार करीत नाही. गेवराईहून महामार्ग लागला. दादानेच बजावले होते, जवळची वाट धरू नकोस, पहिल्यांदा रुंद रस्ता घे. हा आमचा धुळे–सोलापूर रस्ता, पूर्वीचा २११, आता ५२ क्रमांकाचा. पंजाबातल्या संगरूरहून निघून कर्नाटकात अंकोल्याच्या समुद्रापर्यंत जातो. इतकी वर्षे मी तो फक्त ओलांडला होता, त्याच्यावरून कुठे गेले नव्हते. ताशी सत्तरला इंजिन इतके शांत असते की ते अजून काहीतरी राखून आहे हे जाणवते. स्प्लेंडर सत्तरला सगळे देऊन बसलेली असते. मला वाटते, मोठ्या गाडीचे खरे सुख हे आहे. ट्रक ओलांडताना देवाचे नाव घ्यावे लागत नाही.

आई एका बाजूला बसली होती. शहागडच्या पुलाअलीकडे आम्ही थांबलो तेव्हा म्हणाली, "असं बसल्यानं सगळा भार एका अंगाला येतो." मग काहीही चर्चा न करता तिने लुगडे सारखे केले, ओचा खोचला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसली. ट्रकच्या टपावर चढून वाढ्यांच्या पेंढ्या रचणाऱ्या बाईला यात अवघड ते काय! डोक्यावर हेल्मेट, पाठ टेकलेली. चहाच्या टपरीवरची माणसे पाहतच राहिली. एकाने विचारले, "मावशी, दवाखान्याला का?" आई म्हणाली, "न्हाई, बरी हाय मी."

पुलावरून गोदावरी पाहिली. पुराचा गाळ काठावर दूरवर पसरलेला होता. पाचोडच्या अलीकडे ऊसतोडीला निघालेले दोन ट्रॅक्टर भेटले: ट्रॉलीवर पत्रे, सरपण, पिंप, कोंबड्यांचे खुराडे, पोरे आणि अगदी वर दोरीने करकचून बांधलेली एक मोटारसायकल. आईने मला हळू करायला सांगितले. आम्ही बराच वेळ त्यांच्या मागे चाललो. ट्रॉलीवरच्या एका बाईने हात केला, आईने केला. ओळखीची होती का, असे मी विचारले. "न्हाई," आई म्हणाली, "पण ते सामान वळखीचं हाय."

गाडीच्या जाहिरातींत जे रस्ते असतात त्यांच्यावर बर्फ असतो, नाहीतर वाळवंट. दादाचे स्वप्नही तेच, खारदुंग ला. त्याने जरूर जावे, मी चिडवणार नाही. पण लांबच्या सफरीची गाडी म्हणजे लांबच गेले पाहिजे हे मला पटत नाही. जे दररोज ऐकतो आणि कधी पाहत नाही, तिथवर जाणे हीही सफरच. आता कुणी म्हणेल, मग स्प्लेंडरवर गेली असतीस! दोन लाखांच्या वरची गाडी कशाला? आक्षेप खरा आहे, आणि तो मी झटकून टाकीत नाही. हप्त्याचा आकडा मला ठाऊक आहे. त्यात माझी तीन वर्षांची कॉलेजची फी दोनदा बसेल. गावच्या मिस्त्रीनेही सांगून टाकले, "ताई, हिला कॉम्प्युटर लावावा लागतो, मला हिच्यात हात घालता येत नाही." विकत घ्या असे मी कुणालाच सांगणार नाही. पण एक गोष्ट नोंदवते. वर्षानुवर्षे मोळ्या वाहून आईची पाठ गेलेली आहे. स्प्लेंडरवरून गेवराईला गेली तरी ती रात्री शेक मागते. त्या दिवशी जाऊन-येऊन ती शंभराच्या वर किलोमीटर बसली आणि रात्री शेक मागितला नाही. चैनीच्या वस्तूचा हा उपयोग कुठल्या टक्क्यात बसवायचा?

धरणाच्या भिंतीवर जायला आम्हाला परवानगी नव्हती. खालच्या बाजूने पाहिले. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते, हे मी स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलेले आईला ऐकविले. तिचे लक्ष नव्हते. ती बोट पुढे करून दरवाजे मोजत होती. सत्तावीस भरले. मग म्हणाली, "एवढ्याशा दारांतून एवढं पाणी आलं व्हय, दादाच्या कापसावर?" दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मामा. ती बराच वेळ उभी राहिली. रागावली होती का, ते मला कळले नाही. नंतर आम्ही नाथांचे दर्शन घेतले, भेळ खाल्ली आणि दिवस मावळायच्या आत घरी आलो.

गावात चर्चा व्हायची ती झालीच. पोरगी वाया गेली, आईही तिच्या नादाने चालली, पेट्रोल काय झाडाला लागते का, वगैरे. तेरा लिटरची टाकी, आणि अर्धीही संपली नव्हती हे मी कुणाला सांगत बसले नाही. प्रश्न पेट्रोलचा नव्हताच. बाप्या माणूस पारावर दिवसभर बसतो, त्याला 'काय काम काढलं' असे कुणी विचारीत नाही. बसून राहण्याला कारण लागत नाही, निघण्याला लागते. आपल्या वर्गात तालुक्याबाहेर केवळ पाहायला म्हणून गेलेल्या मुली किती, हे मैत्रिणींनी एकदा आपापसांत मोजावे. सहलीची वर्गणी भरूनही घरून 'नको' आलेल्यांना वेगळे मोजावे.

परवा भाकरी करताना आईने विचारले, कालव्याचे पाणी माजलगावच्या धरणात जाते म्हणतात, तर ते तिथे पडते कसे, वरून की बाजूने? मला सांगता आले नाही. जाऊन पाहावे लागेल, आणि तेही स्प्लेंडरवर, थांबत थांबत. दादा गाडी घेऊन चाकणला परत गेला आहे, आणि त्या क्लचच्या दांडीचे पैसे मी त्याला अजून दिलेले नाहीत.